उघडण्याआधी लिहा : विमानाच्या रात्रपाळीत नव्याने आलेल्यांसाठी

विमानदुरुस्तीचं लायसन्स हातात आलं, पहिली रात्रपाळी लागली आणि इन्चार्जनी टास्क कार्ड, म्हणजे कामाच्या पायऱ्या लिहिलेला कागद, पुढे केलं. इथून पुढचं कॉलेजात फारसं कुणी शिकवत नाही. मी मुंबईत लाइन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या देखभालीला, आहे, त्याआधी हँगरमध्ये होते. दर बॅचच्या मुलामुलींना जे तोंडाने सांगत आले ते या वेळी लिहून काढते आहे. कुठल्या नटाला किती टॉर्क (आवळायचा जोर), हे यात सापडणार नाही. ते मॅन्युअलमध्ये आहे आणि दर वेळी तिथेच बघायचं. चांगल्या, अनुभवी, मनापासून काम करणाऱ्या माणसांच्या हातून विमानाला धोका कुठे होतो आणि त्या जागी आपण काय करायचं, तेवढंच मी सांगणार आहे.

आपल्या धंद्यातल्या मोठ्या चुकांचे अहवाल वाचलेत तर एक गोष्ट ध्यानात येईल. काम न येणारा माणूस त्यात क्वचितच दिसतो. दिसतं ते अर्धवट राहिलेलं काम, आणि ते अर्धवट आहे हे पुढच्याला न कळणं.

ह्यूस्टनची ती रात्र

सप्टेंबर 1991. अमेरिकेत ह्यूस्टनला कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्रेअर 120 जातीचं विमान रात्री कामाला घेतलं होतं. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ फोडणारं रबरी आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. ते बदलायचं होतं. संध्याकाळच्या पाळीने उजव्या बाजूपासून सुरुवात केली. त्यांचा एक इन्स्पेक्टर मदत म्हणून वर चढला, आणि उजवीकडचे झाल्यावर डाव्या बाजूच्या वरच्या अंगाचेही स्क्रू त्याने काढून ठेवले. हेतू चांगलाच होता, पुढच्यांचा वेळ वाचावा. मग पाळी बदलली. रात्रपाळीने उजवीकडचा बूट बदलला आणि ती बाजू नीट बंद केली. डावीकडचं काम त्या रात्री झालंच नाही, म्हणून तिकडे कुणी पाहिलं नाही. वरच्या अंगाचे 47 स्क्रू नव्हते आणि पुढची कड फक्त खालच्या स्क्रूंवर टेकली होती. या विमानाची शेपूट टी आकाराची, आडवा पंख अगदी वर. जमिनीवरून फेरी मारणाऱ्याला तो भाग दिसणं शक्यच नव्हतं.

सकाळची पहिली फेरी सुखरूप झाली. 11 सप्टेंबरला परतीच्या फेरीत, ह्यूस्टनकडे उतरत असताना, ती कड वाऱ्याने उपटली आणि विमान हवेतच मोडलं. 14 माणसं गेली.

त्या इन्स्पेक्टरने बूट काढायला मदत केल्याचं हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवण्याच्या, कागदावर लिहिलं होतं. पण पुढच्या पाळीच्या इन्स्पेक्टरने तो कागद आधीच वाचून टाकला होता, तेव्हा त्यात ती ओळ नव्हती. डावी बाजू उघडल्याची स्वतंत्र एंट्री तर कामाच्या कार्डावर कुठेच नव्हती.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या. पहिला स्क्रू सुटण्याआधी एंट्री झाली पाहिजे. काम झाल्यावर लिहीन, चहा झाल्यावर लिहीन, हे चालणार नाही. कार्डात जे उघडायला सांगितलं आहे ते कार्डावर आहेच. कार्डाबाहेरचं काहीही उघडलंत, हात जावा म्हणून शेजारचं पॅनेल काढलंत, आड येणारा क्लॅम्प सोडलात, वायरचा प्लग बाजूला केलात, तर त्याची वेगळी ओळ लिहायची: "डावीकडचं अमुक पॅनेल आत हात जाण्यासाठी काढलं." ही ओळ उघडी राहते, आणि कुणीतरी सही करून ती बंद करेपर्यंत विमान रिलीज होत नाही. अर्धवट कामाला आवाज फक्त त्या ओळीमुळे मिळतो. मदत करायला गेलात तरी नियम हाच. दुसऱ्याच्या कामात हात घालून न लिहिता निघून जाणं ही मदत नव्हे.

काढलेल्या स्क्रूंचं म्हणाल तर ते खिशात किंवा टूलबॉक्सच्या झाकणात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीला टॅग बांधा. टॅगवर विमानाचं रजिस्ट्रेशन, पॅनेलचा नंबर, किती नग आणि तुमचं नाव. एकाच पॅनेलला वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतील तर पुठ्ठ्यावर पॅनेलची आकृती काढून ज्या भोकाचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवा. पिशवी शक्यतो काढलेल्या पॅनेललाच बांधा, पॅनेल आणि स्क्रू एकत्र राहिले पाहिजेत. जुलै महिन्यात उघड्या बेवर (विमान उभं करायच्या जागी) काम करत असाल तर साध्या स्केचपेनची शाई पंधरा मिनिटांत वाहून जाते. बॉलपेनने दाबून लिहा आणि टॅग पिशवीच्या आत, अक्षरं बाहेर दिसतील असा ठेवा. विमान बंद करताना स्क्रू मोजायचेच. एक जरी उरला तरी तो कुठल्या भोकाचा हे कळल्याशिवाय शिडी हलवायची नाही.

मध्येच उठावं लागलं तर

लागतंच. शेजारच्या बेवर विमान अडकतं, फोन येतो, कुणीतरी किल्ली मागायला येतो. अशा वेळी कार्डावर जिथे थांबलात तिथे वेळ लिहून खूण करा आणि जो नट नुसता बोटाने बसवला आहे तो एकतर पूर्ण आवळा, नाहीतर सरळ काढून पिशवीत टाका. बोटाने बसवलेला नट बाहेरून आवळलेल्या नटासारखाच दिसतो, हीच त्याची भीती. आवळून टॉर्क दिलेल्या प्रत्येक नटावर टॉर्क सीलचा (आवळल्याची खूण करणारा) रंग लगेच ओढा, शेवटी सगळ्यांना एकदम ओढू नका. परत आल्यावर जिथे थांबल्याचं आठवतं त्याच्या तीन पायऱ्या मागे जाऊन सुरुवात करा. ह्युमन फॅक्टर्सच्या (माणसाकडून चुका का होतात याच्या) वर्गात हे वाक्य ऐकलं असेल. ते पाठ करून विसरू नका, खरंच करा. आपल्या आठवणीला "करायचं ठरवलं होतं" आणि "केलं" यातला फरक रात्री तीनला कळत नाही.

हँडओव्हर विमानापाशी उभं राहून द्या, चेंजिंग रूममध्ये चपला घालताना नव्हे. दोघांनी मिळून उघडी पॅनेलं बघायची, ओढलेल्या सर्किट ब्रेकरवर (वीज तोडणाऱ्या बटणावर) कॉलर आणि टॅग आहे का ते बघायचं, आणि घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे डावी बाजू उघडी आहे, उजवी बंद, लीक चेक राहिलाय." घेणारा नुसता "हो हो, कळलं" म्हणाला तर त्याला थांबवा, तो तुमच्यापेक्षा वयाने, हुद्द्याने मोठा असला तरी. "सर, एकदा तुम्ही सांगा, मी ऐकते," असं म्हणायला मला सुरुवातीला जड जायचं. आता कुणालाच त्याचं वावगं वाटत नाही. हँडओव्हरचा कागद वाचून झाल्यावर त्यात भर घालायची असेल तर त्या माणसाला शोधून, त्याच्या समोर भर घाला. ह्यूस्टनला नेमकं हेच राहिलं.

जुना बोल्ट पुरावा नसतो

दुसरी गोष्ट 1990 ची, इंग्लंडातली. 10 जूनला ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. उड्डाणानंतर तेरा मिनिटांनी, 17,300 फुटांवर, कॅप्टनसमोरची काच उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिन क्रूने त्यांचे पाय धरून ठेवले, को-पायलट अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा.

ती काच 27 तास आधी रात्रपाळीत बदलली होती, आणि माणसं कमी होती म्हणून खुद्द शिफ्टच्या मॅनेजरने बदलली होती. काचेला 90 बोल्ट. त्यांतले 84 जाडीला कमी निघाले. किती कमी? 0.026 इंच, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटरच्याही आत. उरलेले सहा लांबीला कमी.

हे घडलं कसं ते सावकाश वाचा, कारण यातली प्रत्येक पायरी आपल्याही हँगरमध्ये घडू शकते. त्या मॅनेजरनी पार्ट्स कॅटलॉग उघडून नंबर पाहिला नाही. काढलेला जुना बोल्ट हातात घेतला आणि स्टोअरमध्ये त्याच्या जोडीचा शोधला. पण जुने बोल्टच मुळात चुकीचे होते, आधीच्या कुणीतरी आखूड लावलेले. चार वर्षं ते टिकले होते एवढंच. स्टोअरच्या माणसाने सांगितलं की त्या कामाला अमुक नंबरचे वापरतात. ते मागे पडलं. जुन्यासारखे हवे तितके तिथे नव्हते म्हणून ते दुसऱ्या इमारतीतल्या उघड्या खणांपाशी गेले. तिथे उजेड कमी, खणांवरची लेबलं धड दिसत नव्हती. चष्मा लावला नव्हता. नजरेने बोल्टला बोल्ट लावून पाहिला आणि उचलला.

आता बसवताना तरी कळायला हवं होतं की नाही? बरोबर बोल्ट आणि उचललेला बोल्ट, दोन्हींचे आटे एकाच मापाचे, फक्त जाडी वेगळी. टॉर्क स्क्रूड्रायव्हर ठरल्या दाबाला "कट्" करून सुटतो. बारीक बोल्टाचे आटे नटात घसरले तेव्हाही हाताला तसंच काहीसं जाणवलं, आणि टॉर्क पूर्ण झाला असं वाटलं. बिट होल्डरमधून निसटत होतं, म्हणून दुसऱ्या हाताने ते धरावं लागलं, आणि त्याच हाताने बोल्टचं डोकं झाकलं गेलं. नाहीतर डोकं भोकात गरजेपेक्षा खोल बसतंय हे दिसलं असतं. शिवाय ही काच बाहेरून बसवायची, म्हणजे आतला दाब तिला बाहेर ढकलणार. दुसऱ्या माणसाची तपासणी त्या कामाला सक्तीची नव्हती.

यातून घ्यायचं ते असं. पार्ट नंबर फक्त पार्ट्स कॅटलॉगमधून घ्या, तोही त्या विमानाच्या एफेक्टिव्हिटीचा, म्हणजे नेमक्या त्याच विमानाला लागू असलेला. एकाच ताफ्यातल्या दोन विमानांना वेगळा पार्ट लागू शकतो. काढलेला नग जोडीला ठेवा, पण तो नंबराचा पुरावा मानू नका. नवा नग कॅटलॉगशी जुळला आणि जुन्याशी जुळला नाही तर आनंदाने नवा लावून मोकळे होऊ नका, थांबून विचारा. आधीच्या माणसाने काय केलं होतं ते आता उघड होतंय, आणि ती गोष्ट टेकलॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) यायला हवी. टॉर्कचा आवाज ऐकला तरी डोकं कसं बसलंय ते टॉर्चने, आरशाने, डोळ्यांनी बघा. उंचीवर हात पुरत नसेल तर डॉक (कामाचा मचाण) सरकवा. एका पायावर, कमरेत वाकून दिलेला टॉर्क माझ्या लेखी दिलेलाच नाही. आणि वाचायचा चष्मा लागत असेल तर तो टूलबॉक्समधला एक टूल समजा.

ओ-रिंगचंही (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्याचंही) तसंच. स्कायड्रॉल (हायड्रॉलिकमधला द्रव) चालणाऱ्या हायड्रॉलिक सिस्टिमची रिंग इंजिन ऑइलच्या जागी गेली तर फुगते, आणि ऑइलची रिंग स्कायड्रॉलमध्ये गेली तर खराब होते. दिसायला दोन्ही काळ्या. त्यामुळे सीलबंद पाकिटातून काढलेलीच वापरायची, पाकिटावरचा नंबर आणि तारीख वाचायची, आणि पाकीट काम संपेपर्यंत फेकायचं नाही.

दोन इंजिनं, एक हात

5 मे 1983 ला ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एल-1011 मायामीहून नासाऊला निघालं, 172 जण आत. वाटेत तिन्ही इंजिनांचं ऑइल गळून गेलं. एक बंद केलं होतं, दुसरी दोन आपोआप बंद पडली. 13,000 फुटांवरून चार हजारांपर्यंत खाली येईतो विमान इंजिनांशिवाय होतं. मग आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्या एकावर ते मायामीला परतलं. कारण? आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर (ऑइलमधले धातूचे कण पकडणारे) बदलले होते आणि एकालाही ओ-रिंग नव्हती. एरवी ते रिंग बसवूनच कपाटात तयार मिळत. त्या रात्री तिथे नव्हते, म्हणून स्टोअरमधून आणले, आणि सवयीने तसेच बसवले. कार्डावर रिंगची पायरी होती, सहीही होती.

1995 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग 737-400 चं असंच झालं. रात्री दोन्ही इंजिनांची बोरोस्कोप तपासणी (आत नळीचा कॅमेरा घालून पाहणं) झाली, आणि जी झाकणं काढून रोटर फिरवतात ती दोन्ही इंजिनांवर परत बसली नाहीत. काम एकाने सुरू केलेलं, दुसऱ्याने पुरं केलेलं. शेवटी इंजिन चालवून लीक बघायचा तो रनही झाला नव्हता. विमान कसंबसं ल्यूटनला उतरलं.

दोन इंजिनं असतात ती एक गेलं तर दुसरं राहावं म्हणून. एकाच रात्री एकाच माणसाने दोन्हीवर तेच काम केलं तर त्याची चूकही दोन्हीवर जाते. त्यामुळे शक्य असेल तेव्हा एका इंजिनावर एक, दुसऱ्यावर दुसरा. लांब समुद्रावरून जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांना हा नियमच आहे, पण नियम लागू नसला तरी मागून घ्या. माणूस एकच असेल तर दुसऱ्याने येऊन पाहिल्याशिवाय काउलिंग (इंजिनाचं आवरण) बंद करू देऊ नका. आणि लीक चेकचा रन कार्डात जितका वेळ लिहिलाय तितका द्या. मायामीच्या त्या रात्री इंजिन थोडेच सेकंद फिरवलं होतं आणि तेवढ्यात ऑइल बाहेर आलं नाही.

दुसरी सही

फ्लाइट कंट्रोल किंवा इंजिन कंट्रोलला हात लावला की स्वतंत्र तपासणी लागते. हिची सगळ्यात सोपी परीक्षा अशी: दुसऱ्याने काम होताना पाहिलं नसेल तर बरं. अमेरिकेत 2003 च्या जानेवारीत शार्लटला एअर मिडवेस्टचं छोटं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं, 21 जण गेले. एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीची) केबल चुकीची जुळवली होती, त्यामुळे नाक खाली करायला पुरेशी चाल उरली नव्हती. शिवाय वजनाचाही घोळ होता. केबल जुळवणाऱ्याला त्या कामाचं ट्रेनिंग देणारा आणि त्याचं काम तपासणारा इन्स्पेक्टर एकच होता. पायऱ्या गाळायचं दोघांनी मिळून ठरवलं, मग पकडणार कोण?

2018 च्या नोव्हेंबरात पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचं एम्ब्रेअर मोठ्या चेकनंतर उडालं ते एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या फळ्यांच्या) केबली उलट बसवलेल्या अवस्थेत. डावीकडे वळवलं की उजवीकडे कलायचं. वैमानिकांनी सुमारे दीड तास झुंजून ते बेजाला उतरवलं. तेव्हा तपासताना "हलतंय" एवढं पाहू नका. एक जण कॉकपिटमध्ये, एक खाली. वरचा मोठ्याने म्हणतो "व्हील डावीकडे", खालचा म्हणतो "डावं एलेरॉन वर, उजवं खाली". दिशा, पूर्ण चाल, आणि लॉकिंग: तिन्ही बघायचं. स्प्लिट पिन नवीच, लॉकवायरचा ओढा आवळण्याच्या दिशेने.

सही मागायला कुणी टेकलॉग घेऊन आलं आणि विमान त्याने बंद केलेलं असेल तर सरळ म्हणा, "उघड, मी बघते." ओळखीच्या माणसाला हे म्हणणं अवघड जातं, माहीत आहे मला. पण तुमची सही त्याच्या विश्वासाची नाही, तुमच्या डोळ्यांची आहे.

लहान वाटणाऱ्या गोष्टी

विमान धुताना स्टॅटिक पोर्ट (हवेचा दाब मोजायची छिद्रं) झाकायचे ते लाल फीत लोंबणाऱ्या कव्हरनेच, टेपने नाही. 1996 मध्ये लिमाहून निघालेल्या एअरोपेरूच्या बोइंग 757 वर धुतल्यानंतर टेप तसाच राहिला होता. रात्रीच्या अंधारात, चकाकणाऱ्या धातूवर तो कुणालाच दिसला नाही. वैमानिकांना उंची आणि वेग खोटे दिसत राहिले, समुद्रात 70 माणसं गेली. कव्हरं किती लावली ते टेकलॉगमध्ये लिहा आणि काढल्यावर तेवढीच मोजा. लँडिंग गिअरच्या पिनांचंही तेच.

टॉर्क रेंचवरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरची तारीख हातात घेतानाच वाचा. टूलबोर्डवर एकही जागा रिकामी असेल तर विमान सुटत नाही, मग ती दहा रुपयांची बिट का असेना.

घाई, झोप आणि फोन

रात्री दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं, आणि नेमकं तेव्हाच सकाळच्या पहिल्या डिपार्चरचं ओझं येतं. अवघड, डोकं लागणारं काम जमेल तितकं पाळीच्या सुरुवातीला घ्या. कार्डं एकदम शेवटी बसून सही करू नका. झोपेच्या भरात हात आपोआप खाली खाली सरकतो.

घाईबद्दल एअर ट्रान्सॅटचं उदाहरण मी नेहमी सांगते. ऑगस्ट 2001, त्यांच्या ए-330 चं इंधन अटलांटिकवर गळून संपलं आणि 306 माणसांसह ते इंजिनांशिवाय तरंगत अझोरेस बेटांवर उतरलं. त्याच्या काही दिवस आधी इंजिन बदललं होतं, आणि नव्या इंजिनाला जुना हायड्रॉलिक पंप नीट जुळत नाही हे काम करणाऱ्याच्या लक्षात आलं होतं. त्यासंबंधीचं सर्व्हिस बुलेटिन (निर्मात्याचं सूचनापत्रक) कॉम्प्युटरवर उघडत नव्हतं. वेळ थोडा होता, म्हणून बुलेटिन न वाचता जुळवून घेतलं. इंधनाची नळी हायड्रॉलिकच्या नळीला घासत राहिली.

शंका येणं हेच तुमचं कौशल्य. ती आली की कागद मिळेपर्यंत विमान उभं राहील. इन्चार्जना सांगताना "मला वाटतं" म्हणू नका. "या कार्डाची ही पायरी, हा कागद नाही, मी सही करू शकत नाही" असं सांगा. उशीर तुमच्या नावावर लागला तर लागू दे.

आणि घरी पोचल्यावर, अंघोळ करताना किंवा लोकलमध्ये उभ्या उभ्या, मनात आलं की "तो क्लॅम्प मी आवळला होता ना?", तर झोपायला जाऊ नका. शिफ्टला फोन लावा, विमानाचं रजिस्ट्रेशन आणि पॅनेलचा नंबर सांगा, आणि उघडून बघायला सांगा. विमान निघालं असेल तर मेंटेनन्स कंट्रोलला कळवा, ते पुढच्या स्टेशनवर बघायला लावतील. शिफ्टचा आणि मेंटेनन्स कंट्रोलचा नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.